यायत्से : बोस्नियातल्या एका 'मिश्र' गावाची शिरगणती

उंबरठा

युगोस्लाव्हियाच्या (१९९० नंतर युद्धांत फुटलेला देश, बोस्निया त्याचाच एक भाग) मागच्या धाग्यावर दोन ठाम विधानं वाचली. एक : "तिकडे सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, पुढाऱ्यांनी आग लावली." दुसरं : "शेकडो वर्षांचं वैर, कधीतरी पेटणारच होतं." दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास प्रतिसाद पडले, पण एकानेही एखादं गाव घेऊन तिथे कोण किती होते, कुठे राहत होते, हे पाहिलं नाही. तेवढंच करायचं म्हणून हा धागा. गाव निवडलंय यायत्से. (रोमन स्पेलिंग बघून 'जाजके' म्हणू नका, प्लीज.)

गाव मध्य बोस्नियात, साराजेव्होच्या वायव्येला. प्लिवा नदी इथे व्हर्बासला मिळते, आणि मिळते तीही सरळ नाही. गावाच्या मधोमध वीसेक मीटरची उडी मारून. वर टेकडी, टेकडीवर किल्ला, किल्ल्याच्या अंगावर उतरत्या लाकडी छपरांची घरं. नदीच्या वरच्या अंगाला दोन तळी, आणि त्या तळ्यांच्या मध्ये पाणचक्क्यांची रांग. त्या चक्क्या खोपटाएवढ्या लहान. धान्य दळायच्या. आता पर्यटक फोटो काढतात.

किल्ला चौदाव्या शतकाच्या शेवटी ह्र्वोये वुकचिच या बड्या सरदाराने उभारला. पुढे गाव बोस्नियाच्या राजांची राजधानी झालं. १४६१ मध्ये इथेच स्त्येपान तोमाशेविचला पोपने पाठवलेला मुकुट घातला गेला. तो बोस्नियाचा शेवटचा राजा. दोनच वर्षांत, १४६३ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा सुलतान दुसरा मेहमद चालून आला. राजा क्ल्युचच्या किल्ल्यात सापडला. जीवदानाचं लेखी वचन घेऊन तो शरण आला, आणि ते वचन बंधनकारक नाही असा निवाडा घेऊन सुलतानाने यायत्सेजवळ त्याचा शिरच्छेद करवला.

इथे थोडं थांबते, कारण पुढच्या सगळ्या वादाची गंमत या एका घराण्यात आहे. या राजाची बायको सर्बियाच्या ऑर्थोडॉक्स राजघराण्यातली. त्याची सावत्र आई राणी कातारिना पळून रोमला गेली आणि १४७८ मध्ये कॅथलिक म्हणून तिथेच वारली. तिची दोन मुलं मात्र तुर्कांच्या हाती लागून इस्तंबूलला गेली आणि मुसलमान झाली. मुलगा सिगिस्मुंड पुढे इसहाक बे म्हणून उस्मानी चाकरीत चढला. आता सांगा, हे घराणं 'कोणाचं'? आज तिन्ही बाजू (कॅथलिक क्रोएट, ऑर्थोडॉक्स सर्ब आणि बोस्नियन मुसलमान) त्यावर हक्क सांगतात, आणि तिघांकडेही कागद आहेत.

१४६३ संपता संपता हंगेरीच्या मात्याश राजाने गाव परत घेतलं, आणि सभोवतालचा मुलूख तुर्कांकडे असताना यायत्से साठेक वर्षं हंगेरीचं ठाणं म्हणून टिकलं. १५२८ पर्यंत तेही गेलं. राजाभिषेकाचं सेंट मेरीचं चर्च मशीद झालं. आज त्याच्या भिंती बिनछपराच्या उभ्या आहेत आणि शेजारी सेंट लूकचा मनोरा.

पुढची साडेतीनशे वर्षं उस्मानी अंमल. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी आली. त्यांनी प्लिवाच्या पाण्यावर वीज आणि विजेवर रसायनांचा कारखाना काढला. तोच पुढे 'इलेक्ट्रोबोस्ना'. गावातली निम्मी चूल या कारखान्यावर पेटायची असं म्हटलं तरी चालेल. आणि २९ नोव्हेंबर १९४३ : जर्मन फौजा देशभर असताना कम्युनिस्ट पुढारी टिटोच्या पार्टिझनांनी (गनिमी सैनिकांनी) इथल्या सोकोल व्यायामशाळेच्या इमारतीत रात्रभर परिषद भरवली (विमानं दिवसा येत, म्हणून रात्री) आणि सहा प्रजासत्ताकांच्या संघराज्याचा ठराव केला. टिटोला मार्शल हा किताब याच बैठकीत मिळाला. म्हणजे बोस्नियाचं मध्ययुगीन राज्य जिथे संपलं, तिथेच युगोस्लाव्हिया नव्याने जन्मली. ही २९ नोव्हेंबर पुढे सगळ्या देशाची प्रजासत्ताकदिनाची सुट्टी होती.

आता मुद्द्याचं. १९९१ ची जनगणना, १९९२-९५ च्या युद्धाच्या ऐन तोंडावरची. यायत्से तालुका (तिकडचं 'ओप्श्तिना', आपल्या तालुक्याहून लहान) एकूण ४५,००७. मुसलमान १७,३८०, क्रोएट १५,८११, सर्ब ८,६६३, 'युगोस्लाव्ह' (गटाचं नाव न लिहिता देशाचं लिहिणारे) २,४९६, इतर ६५७. टक्क्यांत साधारण ३९, ३५, १९, साडेपाच आणि उरलेले.

बहुतेक लेख इथेच थांबतात : "बघा, कोणाचंच बहुमत नाही, किती छान मिश्र!" पण त्याच जनगणनेत फक्त यायत्से शहराचे आकडे वेगळे आहेत. शहर १३,५७९. मुसलमान ५,२७७, सर्ब ३,७९७, युगोस्लाव्ह २,१४५, क्रोएट १,८९९. आता वजाबाकी करा. शहराबाहेरच्या खेड्यांत ३१,४२८ माणसं उरतात. त्यात क्रोएट १३,९१२, म्हणजे ४४ टक्के. शहरात तेच १४ टक्के. आणि 'युगोस्लाव्ह' लिहिणारे? अख्ख्या तालुक्यातल्या २,४९६ पैकी २,१४५ शहरात, खेड्यांत फक्त ३५१.

माझं म्हणणं एवढंच : 'यायत्से मिश्र होतं' या एका वाक्यात दोन वेगळी गावं कोंबलेली आहेत. एक कारखान्याचं, बदलीवाल्यांचं, एकाच जिन्यावर तीन आडनावांचं शहर. दुसरं म्हणजे डोंगरातली खेडी, जिथे एक वाडी या धर्माची तर पुढची त्या धर्माची. दोघांचा १९९२ मधला अनुभव एकसारखा असणं शक्यच नव्हतं.

लेख लांबला. युद्धाचं प्रतिसादांत बोलू.

---

मीठभाकर

वाचनखूण साठवली. पण ताई, एक बेसिक शंका. क्रोएट, सर्ब हे समजलं. 'मुसलमान' ही राष्ट्रीयता कशी? आणि तीही कम्युनिस्ट राजवटीत?

---

उंबरठा

मीठभाकर, ही शंका बेसिक अजिबात नाही, हाच तर सगळा गुंता आहे.

ऑस्ट्रियावाले जनगणनेत धर्म विचारत. १९१० मध्ये अख्ख्या बोस्निया-हर्झेगोविनात ऑर्थोडॉक्स साडेत्रेचाळीस टक्के, मुसलमान सव्वाबत्तीस, कॅथलिक तेवीसच्या आत, ज्यू अर्ध्या टक्क्याच्या वर. विषय संपला. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्टांनी धर्माऐवजी राष्ट्रीयता विचारायला सुरुवात केली आणि तिथे बोस्नियन मुसलमानांचं काय करायचं हे कोणालाच सुचेना. बोलतात तीच भाषा, दिसतात तसेच. मग १९४८ मध्ये त्यांच्यासाठी रकाने कोणते? 'सर्ब-मुसलमान', 'क्रोएट-मुसलमान' किंवा 'अनिर्णित मुसलमान'. प्रचंड बहुसंख्येने लोकांनी 'अनिर्णित' लिहिलं. १९५३ ला तोही रकाना काढून 'युगोस्लाव्ह, अनिर्णित' केला. १९६१ ला 'वांशिक अर्थाने मुसलमान' आला आणि १९७१ ला एकदाचं 'राष्ट्रीयता : मुसलमान' असं मान्य झालं. 'बोस्नियाक' हे नाव त्यांच्या प्रतिनिधींनी १९९३ मध्ये, ऐन युद्धात, स्वीकारलं.

म्हणजे त्याच घरातला तोच आजोबा प्रत्येक जनगणनेत वेगळ्या रकान्यात बसलेला आहे. तो जागचा हललेला नाही. "अमुक साली यांची संख्या अचानक वाढली" असले आलेख कोणी दाखवले की आधी रकाने काय होते ते विचारावं.

---

भटकी_वाट

छान धागा! यायत्सेला जाऊन आलेय, म्हणून थोडं सचित्र (चित्राविना). साराजेव्होहून बस त्राव्हनिकवरून येते. स्टँडवरून चालत निघालं की त्राव्हनिक दरवाजा लागतो, जुन्या तटबंदीतला, आणि आत शिरल्यावर पाच मिनिटांत सगळं गाव तुमच्यापुढे. धबधब्याचा आवाज कानात कायम असतो, हॉटेलच्या खिडकीतूनही.

फ्रान्सिस्कन मठात काचेच्या पेटीत एक सांगाडा ठेवलाय. तो या शेवटच्या राजाचा समजतात. १८८८ मध्ये चिरो त्रुहेल्का या पुराणवस्तुशास्त्रज्ञाने गावाबाहेर थडगं उकरलं, तेव्हा मिळालेला. मी गेले तेव्हा एक शाळेची सहल आली होती, मुलं काचेला नाक लावून बघत होती आणि मास्तर "हात लावू नका" करत होते. जगभर मास्तर सारखेच.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे मिथ्र देवाचं मंदिर. चौथ्या शतकातलं, रोमन काळातलं. बैल मारणारा मिथ्र खडकात कोरलाय. १९३१ मध्ये सापडलं. म्हणजे चर्च, मशीद, ऑर्थोडॉक्स वगैरे सगळ्यांच्या आधी इथे इराणकडून आलेला देव होता. 'मूळ रहिवासी कोण' वाल्यांनी त्याच्यापासून सुरुवात करावी :)

एस्मा सुलतानिया मशिदीची दंतकथाही ऐकली. आजारी सुलतानकन्येला सांगितलं, कानातले डूल विकून देवाच्या कामाला लाव. एका डुलाची मशीद, दुसऱ्याचा पूल. अठराव्या शतकातली मशीद युद्धात पार उद्ध्वस्त झाली होती. आता आहे ती पुन्हा बांधलेली, त्यामुळे दगड अगदी कोरे दिसतात.

---

शंकासुर

उंबरठाताई, आकडे उत्तम. पण तुमच्याच आकड्यांनी दुसरं विधान सिद्ध होत नाही का? खेड्यांत लोक वेगवेगळ्या वाड्यांत राहत होते, म्हणजे मनातून वेगळेच होते. शहरातले सोळा टक्के 'युगोस्लाव्ह' हे वरवरचं रंगकाम. रंग उडाला आणि भिंत दिसली.

---

उंबरठा

शंकासुर, वेगळ्या वाडीत राहणं आणि एकमेकांच्या जिवावर उठणं यांत बरंच अंतर आहे. आपल्याकडची गावं कशी वसलीत ते तुम्हाला मी सांगायला नको. आळी वेगळी असते, बाजार एकच असतो.

आणि 'वैर होतंच' म्हणणाऱ्यांनी १९९२ च्या उन्हाळ्यात यायत्सेचा बचाव कोण करत होतं ते बघावं. सर्ब फौजांनी गाव वेढलं होतं. आत एचव्हीओ ही क्रोएटांची फौज आणि मुसलमान बहुसंख्य असलेली बोस्नियन फौज, दोघंही एकाच बाजूने लढत होते. पण हुकूम दोन ठिकाणांहून सुटत होते. तोवर प्रोझोर गावात दोघांची आपसात जुंपली आणि २९ ऑक्टोबर १९९२ ला यायत्से पडलं. गाव पडलं त्यात वैरापेक्षा दोन सेनापती, अरुंद रसद-रस्ता आणि समोरच्याकडचा तोफखाना यांचा हात मोठा.

---

सांगलीकर_श्टुटगार्टात

इथे माझ्या कंपनीत यायत्सेचा एक जण आहे, शॉप फ्लोअरवर माझ्या शेजारच्या मशीनला. नाव नाही सांगत. वडील सर्ब, आई क्रोएट. वडील इलेक्ट्रोबोस्नात फोरमन होते. घरात १९८१ लाही 'युगोस्लाव्ह' लिहिलं, ९१ लाही. तो म्हणतो, आमच्या बिल्डिंगमध्ये ईदची बाकलावा, कॅथलिकांचा नाताळ आणि जानेवारीतला ऑर्थोडॉक्स नाताळ असं सगळं मिळून आम्हा पोरांची चैन होती. ९२ च्या वसंतात बाबांना शेजाऱ्यानेच येऊन सांगितलं की तू जा, आता मी तुझी हमी देऊ शकत नाही. शेजारी रडत होता म्हणे. ते निघाले आणि आईच्या माहेरी न जाता, बापाच्या गावी न जाता, थेट जर्मनीत आले. कारण दोन्हीकडे एकाला आत घेतलं असतं आणि एकाला बाहेर ठेवलं असतं.

त्याला विचारलं, परत का नाही गेलास? तर म्हणाला, "कोणत्या रकान्यात जाऊ?" आज तुमचा धागा वाचल्यावर त्याचं बोलणं नीट कळलं.

---

मीठभाकर

सांगलीकर, अंगावर काटा आला. ऑक्टोबरात गाव पडल्यावर लोकांचं काय झालं?

---

उंबरठा

तीस हजारांहून जास्त माणसं एका रांगेत डोंगरवाटांनी त्राव्हनिककडे निघाली. ट्रॅक्टर, घोडागाड्या, गुरं, पायी म्हाताऱ्या. सैनिक आणि कुटुंबं एकत्रच. त्या युद्धातल्या एका दमातल्या सर्वांत मोठ्या पलायनांत हे एक मानतात.

याचा पुढचा परिणाम कमी लोक सांगतात. त्राव्हनिकही मिश्र गाव होतं. तिथे एकाएकी हजारो मुसलमान निर्वासित आले, ज्यांच्याकडे गमवायला काही उरलं नव्हतं. क्राइना म्हणजे वायव्य बोस्नियातून आलेल्या अशाच निर्वासितांतून बोस्नियन फौजेची सतरावी क्राइना ब्रिगेड उभी राहिली. काही महिन्यांत क्रोएट-बोस्नियाक युद्ध पेटलं आणि १९९३ च्या जूनमध्ये त्राव्हनिकचे क्रोएट मोठ्या संख्येने बाहेर पडले. एका गावाची टक्केवारी मोडली की ती शेजारच्या गावात जाऊन तिथलीही मोडते.

मग १३ सप्टेंबर १९९५. क्रोएट फौजांनी यायत्से परत घेतलं. या वेळी उरलेसुरले सर्ब निघाले, बान्या लुकाच्या दिशेने. म्हणजे तीन वर्षांत तिन्ही समाज या गावातून एकेकदा पळालेले आहेत. मशिदी गेल्या, ऑर्थोडॉक्स चर्चही गेलं.

---

निवृत्त_हवालदार

थोडं अवांतर, पण मराठी माणसाला ठाऊक असावं. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी. मार्च १९९२ ते मार्च १९९३. यायत्से पडलं तेव्हा तेच प्रमुख होते. लोक विचारतात शांतिसेना काय करत होती? अहो, ती सेना मुळात क्रोएशियासाठी उभी केलेली. बोस्नियात आधी विमानतळ उघडा ठेवणं आणि मग मदतीच्या गाड्यांना सोबत करणं, एवढाच हुकूम. गाव वाचवण्याचा हुकूमच नव्हता. हुकमाशिवाय फौज म्हणजे नुसता गणवेश. एक वर्ष झाल्यावर साहेबांनी मुदत वाढवून घेतली नाही.

बोला छत्रपती शिवाजी महाराज की जय. (आमच्या पलटणीची युद्धघोषणा आहे, राजकीय समजू नये.)

---

आकडेमोड्या

२०१३ च्या जनगणनेचे आकडे अजून कोणी टाकले नाहीत म्हणून टाकतो. यायत्से एकूण २७,२५८. बोस्नियाक १३,२६९ (४८.७%), क्रोएट १२,५५५ (४६.१%), सर्ब ५०१ (१.८%), उरलेले इतर.

आता सावधान. ४५,००७ वरून २७,२५८ म्हणजे "१७,७४९ कमी झाले" असं लिहून मोकळे होऊ नका. हद्द बदललीय. डेटनच्या (१९९५ मध्ये युद्ध थांबवणाऱ्या कराराच्या) नकाशात तालुक्याचा पश्चिमेकडचा एक तुकडा, प्लिवाच्या तळ्याकडचं येझेरो, रिपुब्लिका सर्प्स्कामध्ये (बोस्नियातल्या सर्बांच्या स्वायत्त भागात) गेला आणि तो आता वेगळा तालुका आहे. लोकसंख्या जेमतेम हजारभर, बहुतेक सर्ब. म्हणजे सर्बांचे ८,६६३ चे ५०१ झाले यात थोडे 'गेले' नाहीत, सीमारेषाच त्यांच्या अलीकडून गेली. तरी ते धरूनही चित्र फारसं बदलत नाही. बहुसंख्य गेले ते गेलेच.

क्रोएट आणि बोस्नियाक दोघांचीही संख्या ९१ च्या पाऊणपटीच्या आसपास आहे. ही गोष्ट बोस्नियात तशी विरळा. बऱ्याच गावांत एक गट सपशेल नाहीसा झालाय. इथे दोघं जवळजवळ बरोबरीने उरलेत. अर्थात ते सुखासुखी झालं नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये परतलेल्या बोस्नियाक कुटुंबांना जमावाने पुन्हा पळवून लावलं होतं. बाहेरून दबाव आल्यावर ती माघारी आली.

आणि 'युगोस्लाव्ह'? तो देशच गेला. ते २,४९६ लोक कागदावर कुठे विरघळले याचा हिशेब लागत नाही. काहींचं उत्तर सांगलीकरांच्या शेजारच्या मशीनवर आहे.

---

शंकासुर

आकडेमोड्या, +१. पण मग आजचं ४९-४६ हे आनंदाचं की काळजीचं? मला तर दोन पहिलवान समोरासमोर बसल्यासारखं वाटतंय. तिसरा होता तोवर तोल होता.

---

शाळामास्तरीण

शंकासुर, याचं उत्तर तिथल्या पोरांनी दिलंय. हा धागा त्याशिवाय अपुरा राहील, म्हणून सविस्तर लिहिते.

युद्धानंतर बोस्नियाच्या फेडरेशनमध्ये (देशाच्या बोस्नियाक-क्रोएट भागात) 'एका छपराखाली दोन शाळा' ही पद्धत पडली. इमारत एक. क्रोएट मुलं एका अभ्यासक्रमाने शिकणार, बोस्नियाक मुलं दुसऱ्या. इतिहास वेगळा, भाषेचं पुस्तक वेगळं. काही ठिकाणी दार वेगळं, मधल्या सुट्टीची वेळ वेगळी, मुख्याध्यापक दोन. निर्वासित परत यायला लागले तेव्हा तात्पुरती सोय म्हणून सुरू झालं आणि मग तेच रुळलं. अशा पन्नासहून अधिक शाळा आहेत. यायत्से ज्या मध्य बोस्निया कँटनमध्ये (फेडरेशनच्या प्रांतात) येतं, तिथे हे प्रमाण बरंच.

यायत्सेच्या माध्यमिक शाळेत मात्र दोन्हीकडची मुलं एकत्र बसत होती. अभ्यासक्रम क्रोएट होता, आणि बोस्नियाक पालकांची त्यावर तक्रार होती. ती तक्रार खोटी नव्हती हेही लिहायला हवं. आपल्या पोराला आपला इतिहास दुसऱ्याच्या पुस्तकातून शिकावा लागणं कोणाला आवडेल? यावर कँटनने २०१६ मध्ये उपाय काढला : बोस्नियाक मुलांसाठी वेगळी माध्यमिक शाळा.

मुलं रस्त्यावर आली. दोन्हीकडची, एकत्र. सोळा-सतरा वर्षांची. मोठी माणसं "तुमच्या भल्यासाठी करतोय" म्हणत होती आणि मुलं सांगत होती, अभ्यासक्रम सुधारा, पण आमचे वर्ग तोडू नका. वर्षभर हे चाललं. त्राव्हनिकला कँटनच्या कचेरीसमोरही निदर्शनं झाली. अखेर २०१७ मध्ये तो बेत मागे पडला. २०१८ मध्ये युरोपीय सुरक्षा आणि सहकार्य संघटनेच्या अल्पसंख्याकविषयक उच्चायुक्तांकडचा माक्स व्हान डेर स्टूल पुरस्कार या विद्यार्थ्यांना मिळाला.

मी तीस-एक वर्षं वर्गात काढली. वर्गाची तुकडी बदलली तरी पोरं आठवडाभर रुसून बसतात. इथे तर मित्र कायमचा पलीकडच्या दारात जाणार होता. ज्यांचा जन्मच युद्धानंतरचा, ती मुलं आईबापांच्या भीतीला नाही म्हणाली, आणि तेही अशा देशात जिथे नोकरी पक्षाच्या चिठ्ठीवर मिळते. हे सोपं नव्हतं.

---

शंकासुर

ताई, मान्य. पण शाळा वाचली तरी राज्यघटना तीच ना? डेटनच्या घटनेत तीन 'घटक लोक' : बोस्नियाक, सर्ब, क्रोएट. राष्ट्राध्यक्षपद तिघांत वाटलेलं. बाकीचे सगळे 'इतर'. देर्वो सेयदिच हे रोमा आणि याकोब फिन्सी हे ज्यू, म्हणून दोघांनाही त्या पदासाठी उभं राहता येत नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये हा भेदभाव आहे असा निकाल दिला, घटना अजून बदलली नाही. या व्यवस्थेत माणूस मोजला जातो तो गटाचा नग म्हणून. मग जनगणना म्हणजे शिरगणती राहत नाही, ती निवडणूकच होते.

---

आकडेमोड्या

अगदी. म्हणूनच २०१३ ची जनगणना झाली, पण निकाल २०१६ च्या मध्यावर लागला. परदेशी राहणाऱ्यांना मोजायचं की नाही यावर तीन वर्षं भांडण. बोस्नियाकांचा आकडा पन्नास टक्क्यांच्या वर गेला, ५०.१. तो ४९.९ असता तर एवढी खडाजंगी झाली नसती. रिपुब्लिका सर्प्स्काने तो निकाल मानलाच नाही.

मोजणीआधी रस्त्यांवर फलक होते, धर्म काय लिहा, भाषा काय लिहा, राष्ट्रीयता काय लिहा. 'बोस्नियन' असं साधं लिहू नका, ते 'इतर' मध्ये जाईल, हेही प्रचारात होतं.

---

उंबरठा

शंकासुर, तुमचं घटनेचं म्हणणं बरोबर आहे आणि ते मला माझ्याच मुद्द्याकडे नेतं. १९९१ मध्ये शहरातले जे सोळा टक्के रकान्याबाहेर पडू पाहत होते, त्यांना तुम्ही रंगकाम म्हणालात. आजच्या घटनेत त्यांना रंगकाम म्हणूनही जागा नाही. भिंत आतून दिसली असं नाही. डेटनने ती बांधून दिली. युद्ध थांबवायला तेव्हा दुसरा इलाज दिसत नव्हता हे मी समजू शकते. पण तीस वर्षं झाली.

आणि पहिलवानांचं म्हणाल, तर समोरासमोर बसलेल्यांपैकी दोघांचीही पोरं बॅग भरून जर्मनी-ऑस्ट्रियाला चाललीत. यायत्से शहरात ९१ मध्ये साडेतेरा हजार माणसं होती, २०१३ ला सात हजारांच्या आसपास.

---

सांगलीकर_श्टुटगार्टात

हे शंभर टक्के. इथल्या बसमध्ये रोज ऐकतो ती भाषा. बोलताना कोण सर्ब, कोण क्रोएट, कोण बोस्नियाक हे मला तरी ओळखता येत नाही. त्यांना पहिल्या दोन वाक्यांत कळतं, नाव ऐकलं की तर लगेच.

---

मीठभाकर

ताई, आता ईशान्य बोस्नियातल्या ब्र्च्को गावावर पण लिहा. मागे वाचलं होतं की ते कोणाच्याच वाट्याला गेलं नाही.

---

उंबरठा

ब्र्च्कोचं प्रकरण वेगळं आणि मोठं आहे. डेटनला त्याचा निकालच लागला नाही, लवादाकडे गेलं, १९९९ मध्ये अंतिम निवाडा झाला आणि स्वतंत्र जिल्हा झाला. शाळामास्तरीण ताईंना एक गोष्ट आवडेल : तिथे २००१ पासून तिन्हीकडची मुलं एकाच वर्गात बसतात. ते पोरांच्या मोर्चाने नाही, अमेरिकी पर्यवेक्षकाच्या हुकमाने झालं. सुरुवातीला दगडफेकही झाली होती. यायत्सेत हुकूम होता वर्ग तोडण्याचा, पोरांनी जोडून ठेवलं. ब्र्च्कोत हुकूम होता जोडण्याचा. त्यासाठी नवा धागा काढते, इथे गल्लत नको.

---

शाळामास्तरीण

काढाच. आणि तिथल्या इतिहासाच्या तासाला नेमकं काय शिकवतात तेही लिहा, मला त्यात रस आहे.